उपाशी वाफा

"मॅडम, उपाशी वाफा माजलाय."

प्रार्थना नुकतीच संपली होती. मी हजेरीचं रजिस्टर घेऊन नववीच्या वर्गाकडे निघाले होते. संकेत धावत आला आणि व्हरांड्यातच मला अडवून त्यानं ही बातमी दिली. त्याच्या चेहऱ्यावर काळजी अजिबात नव्हती, आनंद होता.

"माजलाय म्हणजे काय?"

"लई वाढलाय. लेंडीच्या पुढं गेलाय. युरियाच्या तर कधीच."

"अश्विनीनं बघितलं का?"

"तीच बसलीय तिथं. बोलत नाय कुणाशी."

मी रजिस्टर मॉनिटरच्या हातात दिलं आणि शाळेच्या मागे गेले.

आमची शाळा बोरी बुद्रुकच्या बाजूला. मी तिथे विज्ञान शिकवायला लागले त्याला आता वीस वर्षं होऊन गेली. माझं माहेर महाळुंगे पडवळचं, शेतकऱ्याचं. त्यामुळे वाफे, बांध, पाट हे मला कुणाला शिकवावं लागलं नाही. शाळेच्या मागे तेव्हा मोकळी जागा होती. एका बाजूला मध्यान्ह भोजनाचं स्वयंपाकघर, म्हणजे पत्र्याची एक खोली आणि बाहेर चूल. दुसऱ्या बाजूला कंपाउंड. मधल्या जागेत मुलांनी तीन वाफे केले होते. तिन्हींत मेथी पेरली होती. मेथी यासाठी, की ती लवकर उगवते, लवकर कापणीला येते आणि प्रयोग फसला तरी भाजी होते.

एका वाफ्याला मेंढीचं लेंडीखत घातलं होतं. दुसऱ्याला युरिया. तिसऱ्याला काहीच नाही. या तिसऱ्या वाफ्याला विज्ञानात कंट्रोल म्हणतात. त्याचं काम एवढंच, की काही न करता काय होतं ते दाखवायचं. औषध दिलेला रोगी बरा झाला, हे पुरेसं नसतं. औषध न दिलेला कसा आहे तेही बघावं लागतं. नाहीतर दोघंही नुसत्या विश्रांतीनं बरे झाले असतील आणि नाव औषधाचं होईल.

मुलांनी तिन्ही वाफ्यांवर पुठ्ठ्याच्या पाट्या लावल्या होत्या. "लेंडीखत", "युरिया" आणि "उपाशी". कंट्रोल हा शब्द त्यांना कोरडा वाटला. उपाशी हा शब्द संकेतनं सुचवला होता आणि सगळे हसले होते, म्हणून तोच राहिला.

मी बघितलं तर उपाशी वाफ्यातली मेथी गुडघ्याकडे निघाली होती. पानं रुंद, काळपट हिरवी. शेजारची लेंडीखताची मेथी तिच्यापुढे आजाऱ्यासारखी दिसत होती. अश्विनी बांधावर बसून पट्टीनं माती उकरत होती.

"तालुक्याचं प्रदर्शन पुढच्या आठवड्यात आहे, मॅडम," ती म्हणाली. एवढंच.

अश्विनीला काय हवं होतं ते मला माहीत होतं. तिचं घर मेंढपाळांचं. तिच्या भावकीतल्या बहुतेकांनी मेंढ्या विकून शेती धरली होती. तिच्या वडिलांनी, खंडूभाऊंनी, मेंढ्या सोडल्या नव्हत्या. आमच्याकडे पूर्वी पीक निघालं की रिकाम्या रानात मेंढ्या बसवायची रीत होती. मेंढ्या रात्रभर रानात बसतात, लेंड्या आणि मूत तिथंच पडतं, रानाला खत मिळतं. शेतकरी त्या बदल्यात धान्य देतो. मग घरोघर गोणीचं खत आलं आणि मेंढ्यांना बोलावणं कमी होत गेलं. जवळपास रानं मिळाली नाहीत की खंडूभाऊ दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जायचे. अश्विनीची आई बरोबर जायची. अश्विनी ओतूरला मावशीकडे. तिकडून ती रोज एसटीनं शाळेत यायची, अर्धी झोपेत.

वाफे पेरले त्या दिवशी तिनं मला विचारलं होतं, "हे खरं निघालं तर लोक बोलावतील ना मेंढ्या बसवायला?"

"निघालं तर बघू," मी म्हणाले होते. विज्ञानाच्या शिक्षकाला याहून जास्त बोलता येत नाही.

आता आमच्या शाळेतल्या एका पद्धतीबद्दल सांगते. शुक्रवारचा शेवटचा तास मी खोट काढायचा तास म्हणून ठेवला होता. एका गटानं आपल्या प्रयोगाची आखणी फळ्यावर मांडायची. दुसऱ्या गटानं त्यातली खोट काढायची. नियम दोनच. खोट प्रयोगाची काढायची, माणसाची नाही. आणि ज्यानं खोट काढली त्यानं उपायही सांगायचा. नुसतं "हे चूक आहे" म्हणून खाली बसता येत नसे.

मुलांना हा तास फार आवडायचा. आमच्या भागात लग्नाच्या पंगतीत भातातली खोट काढणारी माणसं घराघरांत आहेत. तो गुण मी वर्गात आणला एवढंच.

अश्विनीच्या गटानं आखणी मांडली होती, तेव्हा खोट काढायला संकेतचा गट होता. त्यांनी सोडलं नाही. तिचा लेंडीचा वाफा शेवग्याच्या सावलीत येत होता, ते त्यांनी पकडलं. वाफे सरकवले. बियाणं एकाच पुडीतलं हवं, ते पकडलं. पाणी मोजून हवं, ते पकडलं. मग एकच तांब्या ठरला आणि प्रत्येक वाफ्याला रोज प्रार्थनेआधी तितकेच तांबे. पाऊस आला तर तिन्हींवर प्लॅस्टिकचा कागद ओढायचा. कागदावर ती आखणी मी आजही कुणाला दाखवीन. कागदावर तिच्यात खोट नव्हती.

म्हणून त्या सकाळी मी फार बोलले नाही. "शेवटच्या तासाला सगळे इथंच येऊ," म्हणाले. शुक्रवारच होता.

शेवटच्या तासाला अख्खी नववी वाफ्यांभोवती उभी राहिली. अश्विनी हातात पट्टी घेऊन मध्ये. संकेत समोर, हाताची घडी घालून. तो बोलायला टपलेलाच होता.

"अश्विनी, तुमच्या मेंढ्या रात्री कंपाउंडवरून उड्या मारून येत असतील. आन् चुकून उपाशी वाफ्यात बसत असतील."

मुलं हसली.

"नियम काय आहे, संकेत?" मी विचारलं.

"माणसाची नाय काढली मॅडम. मेंढीची काढली."

अश्विनी हसली नाही. "आमच्या मेंढीला पाटी वाचता येत नाय," ती म्हणाली. "ती आली असती तर तिन्ही वाफे खाल्ले असते. वाचून एकाच वाफ्यात जायचं हे माणसाचं काम हाये."

हे ती चिडून बोलली होती. पण संकेतनं वळून पाट्यांकडे बघितलं. हाताची घडी सुटली. ही त्याची खूण मला माहीत होती. याचा अर्थ डोकं चालू झालं.

"मॅडम, या पाट्या कोण कोण वाचतं?"

"तुम्ही सगळे."

"आम्हाला सोडून."

मुलं आठवायला लागली. मुख्याध्यापक सर वाचतात, फेरी मारायला येतात तेव्हा. शिपाई वाचतात. ग्रामपंचायतीचे लोक परवा आले होते ते. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून शांतामावशी बाहेर आल्या. हातात मोठं पातेलं. त्या आमच्या शाळेत खिचडी करायच्या. पदर खोचलेला, चाल भराभर. गर्दीतून वाट काढत त्या सरळ आल्या आणि पातेलं उपाशी वाफ्यावर कलंडायला लागल्या.

"मावशी!" अश्विनी ओरडली.

मावशी दचकल्या. थोडं पाणी त्यांच्याच पायावर सांडलं. "काय गं? काय झालं बोंबलायला?"

"हे काय ओतताय?"

"काय म्हंजी? डाळतांदळाचं धुवण. भांड्यातली खरवड बी हाये थोडी."

"रोज ओतता?"

"रोज. पाटी वाचली तवापास्नं. सकाळचं एक पातेलं, आन् भांडी झाल्यावर एक." मावशींनी सगळ्यांकडे बघितलं. एवढी माणसं गोळा झालेली पाहून त्यांना काहीतरी चुकल्यासारखं वाटलं असावं, कारण आवाज वर गेला. "तुमीच लिवलंय ना पाटीवर? उपाशी म्हणून? शेजारच्या दोघांना खत आन् ह्याला कायच न्हाई. आख्ख्या शाळेला मी जेवू घालते, आन् माझ्या चुलीमागं एक उपाशी राहतोय. शोभतं का ते?"

मी हसू आवरत होते.

"मावशी, तो मुद्दाम उपाशी ठेवला व्हता," संकेत म्हणाला.

"मुद्दाम?" मावशींनी त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं नजर खाली केली. "तुला ठेवते उद्या मुद्दाम. मग लिव पाटी."

तास संपायला थोडा वेळ होता. मी मुलांना म्हटलं, खोट सापडली, आता उपाय सांगा. सुरुवातीला सगळे मावशींकडेच बोट दाखवत होते. मावशींना सांगायला हवं होतं, इथं ओतू नका म्हणून. अश्विनीचं म्हणणं वेगळं होतं.

"मावशींना सांगितलं असतं, तर शिपाईकाका होते. त्यांना सांगितलं असतं, तर सुट्टीच्या दिवशी कुणाची तरी आई आली असती. उपाशी लिहिलेलं वाचलं की माणूस पाणी घालणारच. पाटीच चुकली. नुसतं क, ख, ग लिहायला पाहिजे व्हतं. कोणता कशाचा, ते आपल्यालाच माहीत."

संशोधनात या युक्तीला ब्लाइंड पद्धत म्हणतात. मोठमोठ्या दवाखान्यांत औषधं तपासताना रोग्याला आणि कधी कधी डॉक्टरलाही कळू देत नाहीत, की खरी गोळी कोणती आणि नुसती साखरेची कोणती. कारण माहीत असलं की हात वेगळा चालतो. हे मी फळ्यावर शिकवलं असतं तर मुलांनी वहीत उतरवून घेतलं असतं आणि ती विसरली असती. ते त्यांना धुवणाच्या पातेल्यानं शिकवलं.

आणखी एक गोष्ट संकेतला सुचली. तो घरी निघता निघता परत आला. "मॅडम, धुवणात असं काय असतंय? मला वाटतं खरा फरक पाण्याचा हाये. आपला तांब्या मोजून सारखा व्हता, पण कमी व्हता. तिन्ही तहानलेलेच व्हते. एकालाच पोटभर मिळालं."

ही खोट त्याच्याच गटाच्या उपायातली होती. तांब्या त्यानंच ठरवला होता. मी त्याला ते सांगितलं नाही. त्याला कळलेलं होतंच.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी मला आणि अश्विनीला ऑफिसात बोलावलं. आमचे सर मनानं चांगले होते. पण तालुक्याच्या प्रदर्शनात शाळेचं नाव यावं ही त्यांची फार वर्षांची इच्छा होती, आणि या प्रयोगाबद्दल ते दोन मीटिंगांमध्ये बोलून बसले होते.

"मॅडम, नवीन पेरायला वेळ नाही. बरोबर?"

"नाही, सर."

"मग एक करू. उपाशी वाफ्याची मापं मावशींच्या आधीची धरा. सुरुवातीची. तेव्हा तो लहानच होता ना?"

"तेव्हा तिन्ही लहान होते, सर."

"तेच म्हणतो. थोडं अंदाजानं पुढे न्यायचं. खत न घातलेला वाफा किती वाढला असता, ते शेतकऱ्याच्या पोरांना काय कळत नाही? खोटं नाही, अंदाज."

मी उत्तर देणार होते. पण प्रयोग माझा नव्हता. मी अश्विनीकडे बघितलं. ती टेबलाच्या कडेकडे बघत होती. तिला त्या मापांची किती गरज होती ते त्या खोलीत तिला आणि मला, दोघींनाच माहीत होतं.

"नको सर," ती म्हणाली.

"का गं?"

"आमी अंदाजानं लिवलं आन् ते वाचून कुणी मेंढ्या बसवल्या. आन् पीक नाय आलं. तर शिव्या मेंढ्यांच्या मालकाला, आमच्या आप्पाला बसतील. सर, तुमाला नाय बसणार."

सरांनी चष्मा काढून पुसला. "बरं," म्हणाले. "मग काय नेणार आहात प्रदर्शनात? मेथी?"

"प्रयोग कुठं चुकला ते नेऊ," मी म्हणाले.

"न्या," सर म्हणाले. आवाजात उत्साह नव्हता. पण परवानगीच्या कागदावर त्यांनी त्याच दिवशी सही केली, एवढं त्यांच्या बाजूनं सांगायला हवं.

प्रदर्शन ओतूरला होतं. संकेतचे आजोबा, तात्या, बाजारात टोमॅटो पोचवून तिकडूनच पिकअप घेऊन आले आणि मुलांना, वाफ्यांच्या चित्राचे तक्ते आणि उपाशी वाफ्याची एक जुडी घेऊन गेले. मी पुढे बसले. मागे मुलं टोमॅटोच्या रिकाम्या क्रेटवर. पूर्ण वाट संकेत आणि अश्विनी भांडत होते, की तक्त्यावर मावशींचं नाव लिहायचं की नाही. शेवटी "एक जेवू घालणारी व्यक्ती" असं ठरलं.

हॉल भरलेला होता. तेव्हा थर्माकोलचा वास म्हणजे विज्ञान असा आमचा सगळ्यांचा समज होता. शेजारच्या टेबलावर इंजेक्शनच्या सिरिंजांवर चालणारा जेसीबी होता. तो खरोखर वाळू उचलायचा आणि टाकायचा. त्याच्याभोवती एवढी गर्दी, की आमचा तक्ता दोनदा पडला.

परीक्षक आले. दोघं होते. एकानं तक्ता वाचला.

"निष्कर्ष काय?"

"निष्कर्ष काढता येत नाही, सर," अश्विनी म्हणाली. ती प्रमाण भाषेत बोलत होती, पाठ करून आल्यासारखी ताठ.

"मग आणलं कशाला?"

"प्रयोग कुठं चुकला ते सापडलं म्हणून."

"पुन्हा केला का?"

"वेळ नव्हता, सर. पुन्हा कसा करायचा ते खाली लिहिलंय."

त्यांनी खालचं वाचलं. दुसऱ्या परीक्षकांनी मेथीच्या जुडीकडे बघून विचारलं, "ही कोणती?" "उपाशी," संकेत म्हणाला. ते हसले आणि जेसीबीकडे गेले. नंबर जेसीबीला मिळाला. आम्हाला सहभागाचं प्रमाणपत्र.

परत निघण्याआधी स्टँडसमोर चहाला थांबलो. तात्या सबंध वेळ हॉलमध्ये भिंतीला टेकून उभे होते, हे मला तिथं कळलं. त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली आणि अश्विनीला विचारलं.

"पोरी, मला एक सांग. म्हंजी मेंढीचं खत चांगलं का वाईट?"

"माहीत नाय, तात्या."

"तुझ्याच बापाच्या मेंढ्या आन् तुला माहीत न्हाई?"

"मला वाटतं चांगलं हाये. पण वाटतं म्हणजे माहीत नाय."

तात्यांनी बशी खाली ठेवली. "विकास सोसायटीच्या पायरीवर आजवर किती जण आले आसतील मला काय काय इकायला. बाटल्या, पुड्या, गोळ्या. समदे म्हणायचे, लई भारी हाये तात्या, डोळे झाकून घ्या. माहीत न्हाई म्हणणारं तू पयलंच." मग त्यांनी संकेतकडे बघितलं. "आपलं सोयाबीनचं रान मोकळं व्हईल आता. खंडूला निरोप दे. बसव म्हणावं मेंढ्या."

अश्विनीनं चहाचा कप तोंडाजवळ नेला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.

"अख्ख्या रानात नको, तात्या," संकेत म्हणाला.

"का रं?"

"मग कळणार कसं? निम्म्यात बसवायच्या, निम्म्यात नाय."

"मग खालच्या निम्म्यात बसवा. तिथली जमीन हलकी हाये. तिथं गरज हाये खताची."

संकेत आणि अश्विनी एकदम म्हणाले, "नाय!"

शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. तात्या माझ्याकडे बघून म्हणाले, "मॅडम, ही पोरं बिघडवली तुमी."

मुलांनी त्यांना समजावून सांगितलं. हलक्या रानात मेंढ्या बसवल्या आणि मागून लावलेला कांदा कमी आला, तर तो मेंढ्यांमुळे की जमिनीमुळे, काय कळणार? आणि चांगल्या रानात बसवल्या, तर उलटी पंचाईत. अश्विनी म्हणाली, पट्टे पाडू. वरून खालपर्यंत, म्हणजे प्रत्येक पट्ट्यात दोन्ही जमिनी येतील. संकेत म्हणाला, कोणत्या पट्ट्यात मेंढ्या ते आपण ठरवायचं नाय, नाणं उडवायचं. आपण ठरवलं की मन मध्ये येतं.

"मन मदे येतं," तात्या म्हणाले. "आरं, साठ वरसं शेती मनानंच केली." पण त्यांनी होकार दिला.

दिवाळीनंतर त्या रानात आम्ही गेलो. खंडूभाऊ आले होते, खांद्यावर घोंगडी, मागे मेंढ्या आणि दोन कुत्री. मेंढ्यांना रात्री कोंडायला त्यांच्याकडे जाळं असतं, त्याला वाघर म्हणतात. ते लांबरुंद कसंही लावता येतं, त्यामुळे पट्ट्यांची अडचण नव्हती. अडचण खंडूभाऊंना वाटत होती ती नाण्याची. अश्विनी एकेका पट्ट्याजवळ उभी राहून नाणं उडवत होती आणि संकेत खुंटी ठोकत होता. खुंटीवर नुसते आकडे.

"मॅडम," खंडूभाऊ मला हळूच म्हणाले, "रान आमी बघून बसवतो. मालक सांगंल तिथं बसवतो. नाण्यानं सांगितलं तिथं बसवायची ही पयलीच येळ." मग घोंगडी सावरत म्हणाले, "पण बोलावलं हे झालं."

पुढं जे झालं ते प्रयोगात धरलेलं नव्हतं. आमच्याकडे एकाच्या रानात मेंढ्या बसल्या, की बांधाशेजारच्याला चैन पडत नाही. त्याला वाटतं, याला काहीतरी कळलंय आणि आपल्याला सांगत नाही. त्यात मुलं खुंट्यांवरच्या आकड्यांचा अर्थ कुणाला सांगायला तयार नव्हती. त्यामुळे संशय आणखी वाढला. शेजारच्यांनी खंडूभाऊंना बोलावलं. त्यांच्या शेजारच्यांनीही. कुणी नाणं उडवलं नाही, अख्खी रानं दिली. त्या वर्षी खंडूभाऊंचा वाडा, म्हणजे मेंढ्या आणि बिऱ्हाड, घाट उतरला नाही. उसाच्या आणि कांद्याच्या रानांमधूनच हिंडत राहिला. अश्विनीची आई घरी राहिली. अश्विनी वर्गात जागी असायची.

उन्हाळ्यात कांदा निघाला, तेव्हा सुट्टी लागली होती. तरी आम्ही गेलो. पट्ट्यापट्ट्याचा ढीग वेगळा केला. वजनकाट्याशी शांतामावशींना बसवलं. ही अश्विनीची कल्पना. मावशींना कोणता ढीग कशाचा ते माहीत नव्हतं, आणि त्यांनीच बजावलं होतं, "मला सांगू नका गं. माझा हात वळंल." काटा बघून त्या आकडा मोठ्यानं ओरडायच्या आणि अश्विनी लिहून घ्यायची. शेवटी खुंट्यांचे आकडे जुळवले.

मेंढ्या बसलेल्या पट्ट्यांत कांदा जास्त निघाला. सगळ्या पट्ट्यांत नाही, बहुतेक पट्ट्यांत. तात्यांनी विचारलं, "मग आता तरी माहीत हाये का?"

अश्विनीनं संकेतकडे बघितलं. "एक रान, एक हंगाम," संकेत म्हणाला.

"म्हंजी?"

"म्हणजे पुढच्या वर्षी परत बसवा," अश्विनी म्हणाली. तात्या इतके हसले की त्यांना खोकला आला. पण पुढच्या वर्षी त्यांनी परत बसवल्या.

याला आता बरीच वर्षं झाली. शाळेच्या मागच्या जागेत पेव्हर ब्लॉक बसले. मी भांडून कंपाउंडकडची एक पट्टी मातीची ठेवून घेतली. स्वयंपाकघरात गॅस आला. शांतामावशींनी काम सोडलं, त्यांची सून येते. तिची चाल मावशींसारखीच आहे. संकेत रान बघतो. अश्विनी लग्न होऊन आंबेगावच्या बाजूला गेली. मागे ओतूरच्या स्टँडवर भेटली. कडेवर मुलगी होती. बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण बस लागलेली होती. तिनं खिडकीतून विचारलं, "मॅडम, शुक्रवारचा तास चालू हाये का?" मी हो म्हणाले. बस निघाली.

तास चालू आहे. मुलं आता मोबाइलवर व्हिडिओ बघून प्रयोग शोधतात आणि फळ्याऐवजी स्क्रीनवर आखणी मांडतात. खोट मात्र त्याच जोमानं काढतात. या वर्षी पुन्हा मेथी पेरली आहे. मी पाट्यांवर क, ख, ग एवढंच लिहू देते.

आमच्याकडे विज्ञानाला नवीन मॅडम आल्या आहेत. पुण्यात शिकलेल्या, हुशार. त्यांनी परवा वाफे बघून विचारलं, "मॅडम, कंट्रोलवर सरळ कंट्रोल का नाही लिहायचं? मुलांना कळायला सोपं जाईल."

मी म्हणाले, "मागे स्वयंपाकघर आहे."